शासकीय रेखाकला परीक्षा आणि हरवलेला चित्रकलेचा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजेच आपण सर्रास ज्यांना ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ म्हणतो त्या परीक्षा, दरवर्षी साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीस होतात आणि त्या सुमारास वृत्तपत्रांत केंद्रांची, नोंदणीची व दहावीच्या वाढीव गुणांची चर्चा होते. या परीक्षांना बसणारी मुले वर्षभर चित्रकला शिकतात कुठे आणि कोणाकडे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत सहसा येत नाही. मी ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षक होतो आणि निवृत्तीनंतरही या विषयाशी संबंध ठेवून आहे. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच शाळांत चित्रकलेचे सर निवृत्त झाले की ती जागा पुन्हा भरली जात नाही. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, पण त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पूर्ण करून घेतला जातो. परीक्षेचे अर्ज मात्र नेमाने भरले जातात. शिकवणे थांबावे आणि परीक्षा चालू राहावी, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे. ती किती गंभीर आहे हे कळण्यासाठी आपल्याकडे कलाशिक्षण आले कसे आणि कशासाठी, हे आठवणे आवश्यक वाटते, म्हणून हे पत्र.

मुंबईत कलाशाळा निघाली ती चित्रकार घडवण्याच्या हेतूने निघाली नव्हती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरांच्या वस्तूंची वाहवा झाली, आणि त्याच काळात विलायती यंत्रांवर निघालेल्या स्वस्त मालाने त्याच कारागिरांचा धंदा बसत चालला होता. कारागिरांच्या मुलांना रेखन शिकवले तर त्यांचे काम सुधारेल, असा त्या काळच्या धुरिणांचा आणि राज्यकर्त्यांचा विचार होता. मद्रासला १८५० मध्ये आणि कलकत्त्याला १८५४ मध्ये अशा शाळा सुरू झाल्या. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे पहिले वर्ग भरले. १८६६ मध्ये सरकारने ही शाळा आपल्या ताब्यात घेतली. त्या सुमारास तिथे सजावटी चित्रकाम, मूर्तिकाम आणि लोखंडकाम असे तीन विभाग होते, यावरूनच संस्थापकांच्या डोळ्यांसमोर कोणता विद्यार्थी होता हे दिसते. हीच पुढे देणगीदारांच्या नावाने ‘जे.जे.’ म्हणून ओळखली जाणारी कलाशाळा, आणि तिची आजची इमारत १८७८ ची आहे.

या शाळेवर विलायती साचा लादला गेला होता, यात शंका नाही. प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून महिनोन्‌महिने रेखाटने करायची, भूमितीच्या आकृत्या गिरवायच्या, आणि आपल्याकडची कला म्हणजे फार तर नक्षीकाम, अशी शिकवण घ्यायची, हे तिथल्या अभ्यासक्रमाचे उघड दोष होते आणि त्यांवर पुढे बरीच टीका झाली. ती टीका मला मान्य आहे. पण त्याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून त्या मुलांनी भित्तिचित्रांच्या प्रती रंगवल्या. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ मध्ये आगीत जळाल्या, ही वेगळी हळहळ. मात्र ग्रीक पुतळे गिरवून तयार झालेला हात अजिंठ्याच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभा राहिला तेव्हा त्या मुलांना आपल्या मातीतील रेषेची ओळख झाली, आणि ही ओळख अभ्यासक्रमाच्या कागदावर कुठेही लिहिलेली नव्हती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरची दगडातील पाने, पक्षी, प्राणी पाहायला कधी मान वर केलीत, तर त्या कामातही याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, हे लक्षात असू द्यावे. लोकल पकडण्याच्या घाईत ते कोणी पाहत नाही, हा भाग निराळा.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा त्यानंतरचा आहे. १८७९ मध्ये रेखन हा शिकवण्याचा विषय म्हणून दाखल झाला आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक तयार करणारा वर्ग जे.जे.मध्ये सुरू झाला. या दोन वर्षांची दखल कलेच्या इतिहासात एखाद्या ओळीने घेतली जाते, कारण त्यांत कोणी थोर चित्रकार नाही आणि कोणते गाजलेले चित्र नाही. तरीही चित्रकला मुंबईबाहेर गेली ती याच वाटेने. तिथे शिकून निघालेला ड्रॉइंग मास्तर पुढे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी हायस्कुलात गेला, आणि ज्या मुलाने आयुष्यात मुंबई पाहिली नव्हती त्याच्यासमोर त्याने लाकडी घन आणि शंकू ठेवून ‘हे काढ’ म्हटले. ग्रेड परीक्षा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली हीच रेखाकला परीक्षा, आली ती या शिक्षकाच्या पाठीशी उभी राहण्यासाठी. गावोगाव विखुरलेल्या शिक्षकांचे काम एका मापाने तपासले जावे, एवढाच तिचा हेतू होता. १९६५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतंत्र कला संचालनालय स्थापन केले आणि या परीक्षांची जबाबदारी पुढे त्या संचालनालयाकडे राहिली.

असा शिक्षक नसता तर काय होते, याचे उदाहरण विनायकराव करमरकरांच्या बालपणात आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावी या मुलाने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते, ते त्या वेळच्या कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने मुलगा जे.जे.त गेला. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा घडवणारे शिल्पकार आपल्याला असे मिळाले. कलेक्टरसाहेब त्या वाटेने गेले नसते तर? गावातल्या पोराच्या हातातील गुण ओळखण्यासाठी कलेक्टरच्या फिरतीची वाट पाहावी लागू नये, यासाठीच तर हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक हवा असतो.

येथे नेहमीचा आक्षेप येतो की कलावंत जन्मावा लागतो, शाळेत तो घडत नाही. आणि कोल्हापूरकर मंडळी लगेच चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांचे नाव घेतात, ज्यांनी कोणत्याही कलाशाळेचे तोंड पाहिले नाही. हे खरे आहे. पण ज्या कोल्हापुरात बाबूराव वाढले तिथे जे.जे.त शिकून आलेले आबालाल रहिमान रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या काठी बसून चित्रे काढत होते, आणि संस्थानात कलेला आश्रय होता, हेही तितकेच खरे आहे. शिवाय हा आक्षेपच मुळात चुकीच्या जागी आहे. शाळेतील चित्रकलेचा तास कलावंतांसाठी नसतो. वर्गातील साठ मुलांपैकी चित्रकार एखादाच होईल किंवा कोणीच होणार नाही. उरलेल्यांना त्या तासातून काय मिळते, हे मी माझ्या रोजच्या कामातील एका उदाहरणाने सांगतो.

वस्तुचित्राच्या तासाला मी बहुधा बादलीपासून सुरुवात करत असे. स्टुलावर बादली, शेजारी दोन कांदे, मुले अर्धवर्तुळात बसलेली. सहावी-सातवीची जवळजवळ प्रत्येक नवी तुकडी पहिल्या दिवशी एकच चित्र काढते. बादलीचे तोंड गोल किंवा लंबगोल, दोन्ही बाजूंच्या रेषा तिरप्या, आणि तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ. असे का काढलेस, म्हणून विचारले तर मुलगा सांगतो, ‘सर, बादली सपाट स्टुलावर ठेवलीय ना, मग तळ सपाटच असणार.’ त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे, पण ते त्याच्या माहितीतून आलेले आहे, समोर दिसणाऱ्या वस्तूतून आलेले नाही. मग मी त्याला पेन्सिल आडवी धरून एक डोळा मिटून तळाच्या कडेशी ताडून पाहायला सांगत असे. कड मध्यभागी खाली उतरते आणि दोन्ही टोकांना वर चढते, हे दिसले की मुलाच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव येतो. पुढचा प्रश्न असा की तोंडाची गोलाई जास्त की तळाची? बहुतेक जण तोंडाची म्हणतात, कारण तोंड मोठे असते. प्रत्यक्षात बादली डोळ्यांच्या पातळीच्या खाली असेल तर तळ त्या पातळीपासून अधिक दूर असतो, म्हणून त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त भरते. हे मुलाने स्वतः उठून, बसून, पुन्हा उठून पाहिले की त्याला यथार्थदर्शनाचा, म्हणजे वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशी काढण्याचा, नियम फळ्यावर लिहून देण्याची गरज उरत नाही.

जे आहे असे आपण धरून चालतो आणि जे खरोखर दिसते, या दोहोंतील फरक मुलाला स्वतःच्या हाताने पकडता यावा, हे शाळेतल्या दुसऱ्या कोणत्या तासाला होते? विज्ञानाच्या प्रयोगवहीतील आकृत्या आज मुले गाइडातून उतरवतात, पाहून काढत नाहीत. कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तरी वहीत येते ती पुस्तकातलीच पेशी. चित्रकलेचा तास बंद झाल्याचा हा परिणाम आहे असे मी सिद्ध करू शकणार नाही, पण ज्या वर्गाला मी बादली शिकवली त्या वर्गाच्या प्रयोगवह्या वेगळ्या दिसत, असे आमचे विज्ञानाचे सहकारी सांगत.

चित्रकलेचे शिक्षण भलत्याच ठिकाणी उगवते, याचे आपल्याकडील सर्वात ठळक उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८५ मध्ये जे.जे.त दाखल झाला आणि तेथून पुढे बडोद्याला सयाजीरावांच्या कलाभवनात गेला. रेखन, मूर्तिकाम, छायाचित्रण अशी निरनिराळी कामे त्याने हातावेगळी केली, आणि १९१३ मध्ये पडद्यावर कथापट आणताना ती सगळी एकदम उपयोगी पडली. तो शिकत होता तेव्हा चित्रपट नावाची गोष्टच जगात नव्हती; त्यामुळे ‘याचा पुढे उपयोग काय’ असा प्रश्न त्याच्या पालकांनी विचारला असता तर त्याचे उत्तर एकाही शिक्षकाला देता आले नसते. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांनी ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) आठवावा. तो जे.जे.त शिकलेल्या र. कृ. जोशी यांच्या हातचा आहे. ज्या ‘अक्षरलेखन’ या भागाला आजची मुले पाच-दहा गुणांचे काम म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकतात, त्याचीच ही पुढची वाट आहे. चौकाचौकांतील फलकांवरचे मोडकेतोडके देवनागरी आणि एकमेकांत घुसलेल्या मात्रा-वेलांट्या पाहिल्या की हा भाग उरकण्याची किंमत आपण काय मोजतो आहोत, हे कळते.

पैसा नाही म्हणून कलाशिक्षण कापावे, ही कल्पनाही नवी नाही. १९३० नंतरच्या मंदीत मुंबई सरकारच्या काटकसर समितीने जे.जे.च बंद करावे अशी शिफारस केली होती. लोकांनी विरोध केला, शाळा वाचली, आणि १९३५ मध्ये तिथे व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, ज्यातून पुढे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी जाहिरात, मुद्रण आणि प्रकाशनाच्या व्यवसायात पोट भरले. म्हणजे त्या वेळी निदान कोणीतरी उघडपणे ‘बंद करा’ म्हणाले, म्हणून त्याला विरोध करता आला. आज कोणी तसे म्हणत नाही. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांच्या यादीत, कलाशिक्षकाचे पद फक्त दिसेनासे होते आणि निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या निरोपसमारंभात सगळेच कलेचे महत्त्व सांगतात.

कागदावर तर सारे उत्तम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे स्पष्ट लिहिले आहे. कायद्याने दिलेला हा किमान हक्क होता. आपल्याकडे तो कमाल मर्यादा असल्यासारखा वापरला गेला, आणि पूर्णवेळ शिक्षकाच्या जागी तासिकेवर येणारा, पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नसलेला तरुण आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासाचे आणि अभ्यासेतर यांत भिंती नसाव्यात असे म्हटले. नववी-दहावीसाठी ‘स्वविकास व कलारसास्वाद’ असा विषयही आला, त्याला श्रेणी मिळते. रसास्वाद कोणी शिकवायचा, हे मात्र त्या त्या मुख्याध्यापकांवर सोपवलेले असते, आणि मुख्याध्यापक बिचारे ज्याच्याकडे तास कमी असतील त्याच्या गळ्यात तो घालतात.

आता वाढीव गुणांकडे येतो. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीला सात, पाच किंवा तीन गुण मिळतात. या सवलतीमुळे परीक्षेला बसणाऱ्यांची गर्दी वाढली हे कलाशिक्षकांनाही सुरुवातीला बरे वाटले, मलाही वाटले. विषयाला मान मिळेल अशी आशा होती. प्रत्यक्षात मान मिळाला तो गुणांना. चित्रकलेत कधी ब्रश न धरलेली मुले परीक्षेआधी दीड-दोन महिने खासगी वर्गाला जातात आणि तिथे त्यांच्याकडून ठरावीक चित्रे घोटून घेतली जातात. या उत्तरपत्रिका पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना मी काय म्हणतो हे लगेच कळेल. स्मरणचित्राचा विषय ‘एसटी स्थानकावरील दृश्य’ असो की ‘आठवडी बाजार’, एकाच वर्गाच्या मुलांच्या कागदांवर डावीकडे तेच झाड असते, उजवीकडे तीच पाठमोरी बाई असते, तिच्या डोक्यावर तीच पाटी असते आणि तिच्या पदराची घडीही तीच असते. विषयाप्रमाणे फक्त मागे एसटी किंवा तंबू येतो. स्मरणचित्र म्हणजे मुलाने डोळ्यांनी जगून ठेवलेले काही आठवून काढणे. येथे तो शिकवणीतील पाठ आठवत असतो. संकल्पचित्रातही, म्हणजे नक्षीच्या कागदातही, तेच, ठरलेल्या पाकळ्या आणि ठरलेले तीन रंग. ज्या खेड्यातल्या मुलाने वर्षभर खरोखर बैल, विहीर, जत्रा पाहिली आणि आपल्या वेड्यावाकड्या रेषेत काढली, त्याचा कागद या घोटीव कागदांच्या गठ्ठ्यात गबाळा दिसतो आणि त्याची श्रेणी खाली येते. परीक्षकांकडे एका कागदासाठी फार वेळ नसतो; त्यांना दोष देणे योग्य होणार नाही.

शिक्षक नसलेल्या शाळेतील गरीब मुलाला हे खासगी वर्ग परवडत नाहीत. म्हणजे जी परीक्षा तालुक्याच्या मुलाला शहरातील मुलाच्या बरोबरीने तोलण्यासाठी होती, तीच आता ज्याच्या पालकांकडे शिकवणीचे पैसे आहेत त्याला दहावीच्या टक्केवारीत वर नेते. चित्रकलेचे गुण रद्द करा, असे म्हणणारे काही जण मला भेटतात. ते मला पटत नाही, कारण गुण काढले तर उरलेसुरले तासही वेळापत्रकातून जातील. गुण ठेवावेत, पण ते वर्षभराच्या कामाला बांधावेत. मुलाचे वर्षभराचे स्केचबुक, तारखा असलेले, चुकांसह, कलाशिक्षकाच्या सहीचे, हे श्रेणीचा एक भाग म्हणून पाहिले जावे. घोटून घेतलेली चित्रे महिनाभरात होतात. शंभर पानांचे स्केचबुक महिनाभरात खोटे करणे अवघड असते, आणि ते केले तरी कोणत्याही कलाशिक्षकाला दोन पाने उलटताच ते कळते.

ज्या लहान शाळांत पूर्ण पद देणे खरोखर शक्य नाही, तिथे जिल्हा परिषदेच्या केंद्रातील आठ-दहा शाळांना मिळून एक प्रशिक्षित कलाशिक्षक नेमता येईल, जो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत जाईल. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेतलेले तरुण आज फलक रंगवून, लग्नात मेंदी काढून आणि गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करून पोट भरत आहेत. यांत कमीपणा काहीच नाही, पण ज्या कामासाठी शासनाने त्यांना पदविका दिली ते काम शाळाशाळांत रिकामे पडून आहे.

या सगळ्यासाठी निधी, शासन निर्णय आणि बराच काळ लागेल, याची मला कल्पना आहे. तोवर एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. ग्रेड परीक्षेच्या अर्जात प्रत्येक शाळेकडून एक रकाना भरून घ्यावा: या शाळेत प्रशिक्षित कलाशिक्षक आहे का, असल्यास पूर्णवेळ की तासिकेवर, आणि आठवड्यात प्रत्येक वर्गाला चित्रकलेचे किती तास प्रत्यक्षात होतात. निकालाबरोबर कला संचालनालयाने ही माहिती शाळानिहाय जाहीर करावी. किती मुले शिक्षकाविना परीक्षेला बसतात, हे त्यावरून पालकांना, लोकप्रतिनिधींना आणि शिक्षण विभागाला दरवर्षी दिसत राहील, आणि या एका रकान्यासाठी वेगळ्या निधीची तरतूद करावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक,
जि. सातारा